ब्योमकेशला किती गोळ्या लागतात?

ब्योमकेश बक्षीला मारायला रिव्हॉल्व्हरच्या पाच गोळ्या लागतात. हिशेब सरळ आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ऊर्फ ‘डी अँड डी’ या खेळाच्या २०१४ सालच्या नियमांप्रमाणे त्याला पाचव्या लेव्हलचा ‘रोग’ केला (या वर्गात तपास करणाऱ्यांसाठी ‘इन्क्विझिटिव्ह’ नावाची खास शाखाही आहे) आणि प्रकृती बऱ्यापैकी धडधाकट धरली, तर त्याच्या खात्यावर ३८ हिट पॉइंट्स जमा होतात. खेळ चालवणाऱ्यासाठी जे मार्गदर्शक पुस्तक आहे त्यात आधुनिक हत्यारांचा एक छोटा तक्ता दिलाय. रिव्हॉल्व्हरची गोळी लागली की आठ बाजूंचे दोन फासे टाकायचे आणि येईल ती बेरीज वजा करायची. सरासरी नऊ. म्हणजे चार गोळ्या अंगात घेऊनही हा बंगाली डिटेक्टिव्ह, त्याच्या शब्दांत सत्यान्वेषी, दोन पॉइंट राखून उभा असतो, आणि एक रात्र नीट झोप काढली की सकाळी पुन्हा ३८.

हा हिशेब झाला कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या सेक्टर टूमधल्या एका फ्लॅटात, जेवणाच्या टेबलावर. यजमान सेक्टर फाइव्हमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. खेळ तोच चालवतो आणि सगळे त्याला ‘दादा’ म्हणतात. शिवाय त्याची बायको, कायद्याची एक विद्यार्थिनी, बँकेतला एक तरुण आणि नागपूरहून नोकरीसाठी आलेला एक इंजिनिअर. त्याच्या ओळखीवर माझी तिथे वर्णी लागली होती. टेबलाच्या मधोमध मुडी-चनाचूरची परात, वर्तमानपत्रावर तेल सोडणारी बेगुनी आणि सात तऱ्हेचे फासे.

“दादा, पाच गोळ्या?” विद्यार्थिनीने विचारलं. ब्योमकेश ती खेळत होती.

“रूलबुक तेच सांगतं.”

“मग त्याने पिस्तूल रोखलं म्हणून मी थांबू कशाला?”

दादा गप्प. तिने चालत जाऊन खुन्याच्या हातातलं रिव्हॉल्व्हर काढून घेतलं. एक गोळी लागली, तिने कागदावर अकरा वजा केले. नियमांना धरून सगळं ठीक होतं. ब्योमकेशचे जनक शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या एकाही कथेला धरून नव्हतं.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण जग सांभाळतो: पाऊस पडतोय की नाही, दाराआड कोण आहे, दुकानदार खोटं बोलतोय का. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ते काय करतं, काय बोलतं ते सांगतात. जिथे यश-अपयश दोन्ही शक्य असतं तिथे फासा पडतो. पट नाही, सोंगट्या असल्या तर असतात, जिंकणं-हरणंही नाही. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेतली पोरं तळघरात बसून जे खेळतात ते हेच. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी ते प्रथम पेटीत घालून विकलं. आज जगात असे शेकडो खेळ आहेत. पण बहुतेक टेबलांवर दिसतो तो पहिलाच, आणि त्यातच माणसं सगळं बसवू पाहतात: ड्रॅगन, खून, भूत, अंतराळ, झालंच तर सुंदरबन.

या मंडळींनीही तेच केलं होतं. दोन वर्षं ड्रॅगन झाल्यावर दादाच्या बायकोने म्हटलं, आता आपलं काहीतरी खेळू. आपलं म्हणजे बंगाली. रहस्यकथा, मग एखादी भूतकथा, मग सुंदरबनातली बोनबीबी. रूलबुक मात्र बदलायचं नाही, कारण ते आता कुठे सगळ्यांना पाठ झालं होतं.

इथे शरदिंदूंबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण मराठी वाचकाला ते शेजारी असूनही परके राहिलेत. बासू चटर्जींच्या दूरदर्शन मालिकेमुळे, १९९३ सालच्या, ब्योमकेश आपल्याकडे घरोघर पोचला. पण त्याचा जनक १९३८मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी लिहायला मुंबईत आला आणि १९५२च्या सुमारास सिनेमा सोडून पुण्यात राहू लागला, हे पुणेकरांनाही फारसं ठाऊक नसतं. १९३२ साली सुरू झालेला ब्योमकेश मधली बरीच वर्षं थंड पडला होता. तो पुन्हा उभा राहिल्यावरच्या कित्येक कथा, हॅरिसन रोडचं बिऱ्हाड आणि कलकत्त्याचा पाऊस यांनी भरलेल्या, पुण्यात बसून लिहिलेल्या आहेत. आणि हा माणूस एकाच जातीचं लिहीत नव्हता. बरदा नावाच्या गप्पिष्टाच्या तोंडून भूतकथा, विजयनगरवर ऐतिहासिक कादंबरी, शिवकाळातल्या सदाशिव नावाच्या पोराच्या साहसकथा. हात एकच, पण भूतकथेत त्याने शेवटी खुलासा केला नाही आणि रहस्यकथेत खुलासा टाळला नाही. दादाच्या टेबलाने मात्र सगळ्या प्रकारच्या गोष्टींना एकच रूलबुक लावलं.

मुळात हिट पॉइंट आले कुठून? गायगॅक्स आणि आर्नेसन दोघेही युद्धाचे खेळ खेळणारे. शिशाचे छोटे सैनिक, मोजपट्टी, फासे. गायगॅक्सच्या १९७१ सालच्या ‘चेनमेल’मध्ये साधा सैनिक एका फटक्यात मरायचा, आणि सैन्याच्या दृष्टीने त्यात वावगं काही नव्हतं. आर्नेसनच्या मिनेसोटातल्या टेबलावर मात्र एकेका खेळाडूकडे एकेकच माणूस होता. तो पहिल्याच फटक्याला गेला की खेळाडूची संध्याकाळ वाया. म्हणून आर्नेसनने आरमारी युद्धाच्या खेळातला एक नियम उचलला. तोफेचा एक गोळा लागला म्हणून जहाज बुडत नाही, ते हळूहळू खिळखिळं होतं. तेव्हापासून या खेळातला माणूस जहाजासारखा बुडतो: अठ्ठेचाळीस, छत्तीस, एकोणीस, चार, आणि शेवटच्या पॉइंटापर्यंत पूर्ण ताकदीने तलवार चालवत. गुहेत शिरून राक्षसांशी तासन् तास लढायचं असेल तर ही योजना अफलातून आहे. खेळाडूला धीर येतो, तो पुढच्या दारात पाऊल टाकतो.

पण रहस्यकथेतलं पिस्तूल सुटण्यासाठी नसतंच. ते रोखलेलं असतं तोवर खोलीतल्या सगळ्यांना बोलायला लावतं. पहिल्या गोळीने काही बिघडत नाही हे कळल्याबरोबर तो संवाद मरतो.

फासा टाकायच्या जागी तर याहून मोठी पंचाईत. ब्योमकेश खोलीची झडती घेतोय. दादाने ठरवलं, टेबलाच्या खणाखाली चिकटवलेली चिठ्ठी सापडायला पंधरा हवेत. वीस बाजूंचा फासा, त्यात ब्योमकेशचं कसब म्हणून नऊ मिळवायचे. सहा किंवा वर काहीही पडलं तरी चालेल, म्हणजे शंभरात ७५ वेळा यश. शेजारी बसलेल्या अजितकडे, म्हणजे ब्योमकेशच्या सोबत्याकडे, कसबाचे शून्य. त्याला पंधरा किंवा वर पडायला हवेत, शंभरात ३०. ऐकायला ठीक वाटतं. प्रत्यक्षात विद्यार्थिनीला तीन पडले, बँकवाल्या अजितला सतरा. चिठ्ठी अजितला सापडली. टेबल हसून लोळलं. पुढच्या खोलीत दोघांनाही काही सापडलं नाही आणि गोष्ट तिथेच अडली, कारण विषाची बाटली तिथे होती आणि ती सापडल्याशिवाय पुढे जायला वाट नव्हती. मग दादाने नोकराला आत पाठवलं आणि नोकराने ती बाटली आपणहून आणून दिली. सगळ्यांनी सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

रॉबिन लॉज नावाच्या कॅनेडियन रचनाकाराने याच अडचणीवर अख्खी पद्धत उभारली. ‘गमशू’ तिचं नाव. २००८ साली केनेथ हाइटने त्यावर ‘ट्रेल ऑफ क्थुलू’ लिहिलं तेव्हा ती खूप लोकांपर्यंत पोचली. लॉजचं म्हणणं असं की रहस्यकथेत पुरावा सापडणं ही घटनाच नव्हे. शेरलॉकला सिगारेटची राख दिसली नाही म्हणून कथा संपली, असं कधी वाचलंय? मजा असते ती राखेचा अर्थ लावण्यात. म्हणून ‘गमशू’मध्ये ज्याच्याकडे त्या विषयाचं ज्ञान आहे तो योग्य जागी जाऊन पाहील तर मूळ धागा त्याला मिळतोच, फासा टाकायचा नाही. फासे राखून ठेवले आहेत पाठलागासाठी, मारामारीसाठी, मन ढळतं त्या क्षणासाठी. अलीकडच्या ‘ब्रिंडलवूड बे’ने दुसरं टोक गाठलंय. तिथे खुनी कोण हे खेळ चालवणाऱ्यालाही माहीत नसतं. खेळाडू धागे जमवतात, एक उपपत्ती मांडतात आणि ती खरी की खोटी ते फासा ठरवतो. मी हे टेबलावर सांगितलं तेव्हा दादाची बायको उसळलीच. “फेलूदा अंदाज बांधणार आणि नंतर फासा टाकून बघणार, बरोबर आलं का? छे!” फेलूदा या बंगालच्या दुसऱ्या लाडक्या डिटेक्टिव्हचं मुख्य शस्त्र मगजास्त्र, म्हणजे डोकं, रिव्हॉल्व्हर नंतर; तिचा राग समजण्यासारखा आहे.

फेलूदाची गोष्ट निघाली तर जटायूला सोडून कसं चालेल? जटायू म्हणजे लालमोहन गांगुली, ‘सोनार केल्ला’पासून फेलूदाबरोबर फिरणारे लोकप्रिय थरारकथालेखक. भित्रे, चुकीची माहिती ठासून सांगणारे, संकटात हमखास सापडणारे. वेरूळच्या लेण्यांत घडणारी ‘कैलासे केलेंकारी’ त्यांच्याशिवाय निम्मी उरेल. ‘डी अँड डी’च्या कागदावर या गृहस्थांचं काय करायचं? ना लढता येतं, ना जादू, ना कुलूप उघडता येतं. प्रत्येक पात्राने लढाईत आपला वाटा उचलावा या बेतानेच ते वर्ग बेतलेले आहेत. जटायू खेळणारा खेळाडू चार रात्रींत कंटाळतो, नाहीतर पाचव्या रात्री जटायू तलवार चालवायला शिकतो. दुसरं अधिक वाईट.

यावर तोडगा शोधून झालेला आहे, आणि तो इतका साधा आहे की मला त्याचा हेवा वाटतो. २००९ साली ‘डॉक्टर हू’ मालिकेवर एक खेळ आला. मालिकेतला डॉक्टर शस्त्र बाळगत नाही, बोलून वेळ काढतो, मग पळतो. त्या खेळात कुणाची पाळी आधी हे फास्यावर किंवा चपळाईवर ठरत नाही. जो बोलणार तो पहिला, मग पळणारे, मग काही करणारे, आणि लढणारे सगळ्यांत शेवटी. बस्स, एवढाच नियम. बंदूक उचलणाऱ्याच्या आधी तीन जणांना तोंड उघडायची संधी मिळते आणि मालिका आपोआप टेबलावर उतरते. गंमत पुढे आहे. याच प्रकाशकांनी, ‘क्युबिकल सेव्हन’ने, २०२२मध्ये त्याच डॉक्टरला ‘डी अँड डी’च्या नियमांत बसवून ‘डॉक्टर्स अँड डॅलेक्स’ काढलं, कारण गिऱ्हाईक तिथे होतं. आणि तसं करताना त्यांना पहिल्यांदा काय काढून टाकावं लागलं? हिट पॉइंट्स.

एका नियमात सगळं बसवायचा प्रयत्न वारंवार आणि मोठ्या हुशारीने झालेला आहे, तो काही सॉल्ट लेकमधला आळस नव्हे. टेक्सासच्या स्टीव्ह जॅक्सनने १९८६ साली ‘गर्प्स’ आणलं. सर्वसाधारण आणि सार्वत्रिक असल्याचा दावा नावातच होता. तीन साधे फासे, बेरीज कसबापेक्षा कमी किंवा तेवढीच आली की यश. तीन फास्यांची बेरीज मधे गोळा होते, त्यामुळे निष्णात माणूस क्वचितच चुकतो. कसब सोळा असलेला ब्योमकेश शंभरात ९८ वेळा यशस्वी, दहावाला अजित निम्म्या वेळा. गोळीही इथे गोळीसारखीच लागते. म्हणजे आमच्या दोन्ही तक्रारी मिटल्या? मिटल्या की. पण ‘गर्प्स’मध्ये लढाईची एक पाळी म्हणजे एक सेकंद. दहा सेकंदांची झटापट खेळायला तासभर लागू शकतो, आणि झुंबराला लटकून तलवार चालवणाऱ्या वीराला प्रत्येक सेकंदाला वास्तवाचा कर भरावा लागतो. खून आणि तपास यांना ते रूलबुक मानवतं; बेफाम साहसाला त्यात दम लागतो. (‘गर्प्स’च्या नशिबी एक वेगळंच प्रकरण होतं. १ मार्च १९९० रोजी अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने जॅक्सनच्या कचेरीवर छापा घातला आणि ‘गर्प्स सायबरपंक’चं हस्तलिखित संगणक गुन्ह्यांची मार्गदर्शिका समजून उचलून नेलं. पुढे कोर्टात सरकार हरलं. रूलबुक फारच वास्तववादी असल्याची याहून मोठी पावती कुणाला मिळाली नसेल.)

दुसरा मोठा प्रयोग २०००चा. ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने ‘डी अँड डी’ची तिसरी आवृत्ती काढताना तिचा सांगाडा खुल्या परवान्यावर सगळ्यांना वापरायला दिला. ‘डी-ट्वेंटी’ असं त्याला नाव पडलं. त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत प्रकाशकांनी त्यात कोंबलं नाही असं काही उरलं नाही: हेर, सुपरहीरो, काऊबॉय, अंतराळयान. दुकानांत पुस्तकांचा नुसता पूर आला, आणि पूर ओसरल्यावर पडून राहिलेल्या गठ्ठ्यांखाली काही प्रकाशक गाडले गेले. २००२ साली त्यात ‘कॉल ऑफ क्थुलू’ही आला. मूळ खेळ १९८१चा, सँडी पीटरसनचा. त्यात सामान्य माणसं अगम्य भयासमोर हळूहळू भ्रमिष्ट होतात. शक्ती वाढत नाही, शहाणपण झिजतं, आणि जितकं अधिक कळतं तितकं अधिक झिजतं. डी-ट्वेंटीवाल्या पुस्तकात शहाणपण तसंच झिजत होतं, पण त्याच वेळी माणसाची लेव्हलही वाढत होती. एका हाताने खचणारा आणि दुसऱ्या हाताने बलवान होणारा माणूस! पुस्तक मेहनतीने लिहिलेलं होतं. तरीही आज टिकून आहे तो मूळ खेळच.

पीटरसनच्या खेळाचा सांगाडाही त्याचा स्वतःचा नव्हता, हे इथे सांगायला हवं, नाहीतर माझं म्हणणं फारच सोपं होईल. तो ‘रूनक्वेस्ट’ या तलवारबाजीच्या खेळातून आला, शंभराच्या हिशेबावर चालणाऱ्या फास्यांसकट. म्हणजे एक पद्धत दोन टोकांच्या प्रकारांत गेली आणि जगली. फरक असा की जाताना तिने एक नवी गोष्ट मोजायला घेतली. फासे तेच राहिले, कागद जवळपास तोच राहिला, पण खेळाडूचं लक्ष ज्या आकड्याकडे लागून असतं तो आकडा बदलला. माझ्या मते सगळी मेख या आकड्यात आहे. फासे वीस बाजूंचे की सहा बाजूंचे यावर पोरं रात्र रात्र भांडतात, त्याने थोडंफार होतं; पण खेळाडू संध्याकाळभर कोणत्या गोष्टीचा जमाखर्च ठेवतो आणि कशाबद्दल त्याला बक्षीस मिळतं, त्यावर गोष्ट कुठल्या अंगाने जाणार हे ठरतं.

बोनबीबीच्या वेळी हे टेबलावर उघडं पडलं.

सुंदरबनात मध गोळा करायला जाणारे मौले, लाकूडतोडे, खेकडे धरणारे, हिंदू असोत की मुसलमान, जंगलात शिरण्याआधी बोनबीबीचं नाव घेतात. तिची गोष्ट अशी. धोना नावाचा मधाचा व्यापारी दुखे या गरीब पोराला नावेतून घेऊन जातो. वाघाचं रूप घेणारा दक्षिणराय धोनाला सांगतो, पोरगं मला दे, मध आणि मेण हवं तेवढं ने. धोना पोराला बेटावर टाकून नावा भरून परततो. दुखे आईने सांगितल्याप्रमाणे बोनबीबीला हाक मारतो आणि ती त्याला वाचवते. जंगलाचा कायदा यातून निघतो: निर्मळ मनाने, रिकाम्या हाताने जा, गरजेपुरतं घे.

आता ‘डी अँड डी’. १९७४च्या नियमांत गुहेतून आणलेल्या सोन्याच्या एका नाण्याला अनुभवाचा एक पॉइंट मिळायचा. पात्र मोठं व्हायचं ते मुख्यतः लुटीवर. पुढे तो नियम गेला आणि पॉइंट मुख्यतः हरवलेल्या शत्रूंवर मिळू लागले. म्हणजे आधी धोना व्हायचं बक्षीस होतं, आता दक्षिणरायला मारायचं आहे. रिकाम्या हाताने जंगलात जाऊन गरजेपुरतं घेऊन परतणाऱ्याच्या कागदावर काहीच वाढत नाही. दादाच्या टेबलावर चौघांनीही हत्यारं टाकून जंगलात पाऊल ठेवलं, कारण त्यांना लहानपणापासून गोष्ट माहीत होती. वाघ समोर आल्यावर मात्र बँकवाल्याचा हात आपोआप वीसच्या फास्याकडे गेला. दादानेही सवयीने वाघाचे हिट पॉइंट्स कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवले होते. ते लिहिले गेल्यावर वाघ मरणार हे ठरलेलंच. १९८०च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’मध्ये तर आपल्या देवादिकांनाही हिट पॉइंट्स वाटले होते. या खेळातल्या राक्षसाबद्दल न बोललेलं बरं. वाघाच्या तोंडाचा, उलट्या पंजांचा हा प्राणी १९७५मध्ये आला तो रामायणातून नाही, ‘कोलचॅक’ नावाच्या अमेरिकी टीव्ही मालिकेच्या एका भागावरून.

बंगालला या खेळात मानाने जागा मिळालेली नाही असं मात्र नाही. जुलै २०२२मध्ये ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ हा १३ साहसांचा संग्रह ‘डी अँड डी’साठी अधिकृतपणे निघाला. भारतीय वंशाचे अजित जॉर्ज त्याच्या दोन प्रमुखांपैकी एक. त्यात कोलकात्याच्या मिमी मंडल यांनी शंखभूमी नावाचा नद्या-अरण्यांचा, बंगालच्या वळणाचा प्रदेश उभा केला. ह्यूगो पुरस्काराच्या नामांकनापर्यंत पोचलेल्या या लेखिका. त्यांच्या साहसाचं नाव ‘इन द मिस्ट्स ऑफ मणिवर्षा’. दादाकडे ते पुस्तक आहे आणि दादाच्या बायकोने ते वाचून अर्धी रात्र जागवली असं ती म्हणाली. आपल्या नदीचा वास असलेली जागा त्या चकचकीत पानांवर पाहणं ही साधी गोष्ट नव्हे. पण ते साहस नवव्या लेव्हलच्या पात्रांसाठी आहे. नवव्या लेव्हलचा पुरोहित (‘क्लेरिक’) मेलेल्याला उठवू शकतो. अशा माणसांना नाव बुडेल की नाही याची काळजी उरत नाही. लेखिकेने त्या चौकटीत जे करता येईल ते केलं आहे; चौकट तिची नाही.

भूतकथेबद्दल फार लिहीत नाही, कारण निकाल पाच मिनिटांत लागला. २०१४च्या राक्षसपुस्तकात भुताला सरासरी ४५ हिट पॉइंट्स दिलेत. आकडा कळल्यावर भीती कुठली? याउलट २००५चा ‘ड्रेड’ नावाचा खेळ फासेच वापरत नाही. टेबलावर लाकडी ठोकळ्यांचा जेंगाचा मनोरा असतो. धोक्याचं काही करायचं तर एक ठोकळा काढून वर ठेवायचा. मनोरा पडला की ते पात्र गोष्टीतून गेलं. दर खेपेला मनोरा अधिक डुगडुगतो, आणि भुताने काही न करताच सगळे श्वास धरून बसतात. दादाने पुढे बरदाची एक गोष्ट यावर चालवली. नागपूरकर म्हणाला, “काका, हात असा कापत होता नं, की मी दार उघडतच नाही म्हणून सांगितलं.”

याच नागपूरकरामुळे सर्वांत अवघड प्रयोग झाला. बंगालात नागपूर म्हटलं की अजूनही कुणीतरी बर्गींची, म्हणजे मराठी स्वारांची, आठवण काढतं. १७४२पासून रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून येत होत्या. १७४४मध्ये अलिवर्दीखानाने भास्करपंत कोल्हटकरांना वाटाघाटीला बोलावून मारलं. १७५१च्या तहात ओडिशा आणि सालाना १२ लाख चौथाई ठरली. इंग्रजांनी कलकत्त्याभोवती खणायला घेतलेला मराठा खंदक अर्धवटच राहिला. आपल्या शाळेच्या पुस्तकात हा पराक्रमाचा भाग. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच सुमारास लिहिलेल्या ‘महाराष्ट्र पुराणा’त जळणारी गावं आणि पळणारी माणसं आहेत. कायद्याच्या विद्यार्थिनीने सुचवलं, आपण पळणारे होऊ. नागपूरकर सुतार झाला, बर्गींपासून लपणारा.

‘डी अँड डी’त हे तासभरही टिकलं नाही. पळून जाण्यासाठी नियमांची मोजकी पानं, लढण्यासाठी शेकडो. लपून बसलेल्या सुताराला कागदावर सगळीकडे हातोड्याचे आकडेच दिसत होते. तिसऱ्या बर्गीला त्याने लोळवलं तेव्हा दादाने पुस्तक मिटलं आणि विचारलं, “आता तू नेमका कोण आहेस?” त्यावर झालेलं भांडण खेळापेक्षा बरं होतं.

हे सगळं असूनही बँकवाल्याची बाजू मला पटते, आणि ती तिथे एकट्यानेच मांडली. खेळाडूंचं २०१४चं मुख्य पुस्तकच ३२० पानांचं. अशी तीन, निघाली तेव्हा प्रत्येकी ५० डॉलरच्या घरातली. पाचांपैकी तिघांच्या शिफ्ट वेगळ्या, शनिवार जुळतो तो महिन्यातून एखादा. त्यात नवं रूलबुक शिकायचं म्हणजे दोन शनिवार पाण्यात. पाठ झालेल्या नियमांत माणूस पुस्तक न उघडता खेळतो, थट्टा करतो, गोष्टीत बुडतो. अपुऱ्या पण अंगवळणी पडलेल्या पद्धतीने झालेला खेळ, नेमक्या पण अडखळत चालणाऱ्या पद्धतीपेक्षा त्या रात्रीपुरता सरस ठरू शकतो. शिवाय कुठल्याही शहरात नवा खेळाडू भेटला की त्याला ‘डी अँड डी’ येण्याची शक्यता सर्वाधिक. रॉन एडवर्ड्सने नव्वदीच्या अखेरीला रूलबुकच गोष्ट घडवतं असा जोरदार लेख लिहिला, त्यावर पंचवीस वर्षं वाद चाललाय. पण एडवर्ड्सला सेक्टर फाइव्हची नाइट शिफ्ट नव्हती.

सॉल्ट लेक या वादाला साजेशी जागा आहे, असं तिथून पायी निघताना वाटत राहतं. १९६२ साली गंगेचा गाळ पाइपातून आणून खाऱ्या दलदलीवर टाकायला सुरुवात झाली आणि युगोस्लाव्हियाच्या दोब्रिवोये तोश्कोविचने आखलेलं नगर त्यावर उभं राहिलं. इंग्रजी अक्षरांच्या जोड्यांनी ओळखले जाणारे ब्लॉक, गोल आयलंड, मधे बाग, पुन्हा ब्लॉक. आखणी इतकी समान की नवखा माणूस हमखास हरवतो, आणि तिथले लोक अक्षरं बाजूला ठेवून पाण्याच्या टाकीच्या नंबरावरून पत्ता सांगतात. आराखड्याने पाणी साठवायला बांधलेल्या टाक्या. लोकांनी त्यांच्यावर रस्ते मोजायला सुरुवात केली.

दादाच्या टेबलावर आता वाटणी झालीय. रहस्यकथा ‘गमशू’वर, भुतं जेंगावर, बोनबीबी तूर्त बंद, कारण तिला हवं तसं रूलबुक दादाची बायको स्वतः लिहायला बसलीय आणि गरजेपेक्षा जास्त घेणाऱ्याचं काय करायचं यावर ती अडलीय. ‘डी अँड डी’ मात्र कपाटात गेलं नाही. नागपूरकराने शरदिंदूंचा सदाशिव वाचून काढला, बंगाली अक्षरं चाचपडत. घर सोडून निघालेला मुलगा, शिवाजी महाराजांची फौज, घोडा, किल्ला, रात्रीची मोहीम, आणि प्रत्येक कांडात अंगावर येणारी आधीपेक्षा मोठी कामगिरी. अशा पाच कथा आहेत. “दादा, हा तर दर गोष्टीत लेव्हल वाढवतोय,” तो म्हणाला. दादाने कपाटातून तीनही जाडजूड पुस्तकं काढली. पुढच्या शनिवारी सदाशिव पहिल्या लेव्हलवर सुरू होणार आहे, दहा हिट पॉइंट्सवर, आणि फक्त घोड्याचे नियम कुणालाच पाठ नाहीत.